दहा कोटी फोटॉन आणि एक बॅरोमीटर

बोरघाट चढून लोणावळ्यात शिरलं की मुंबईच्या माणसाला आधी गार वारा लागतो आणि मग चिक्कीची दुकानं दिसतात. हवा पातळ झाली आहे, हे त्याच्या गावीही नसतं. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. मुंबईत 1010 हेक्टोपास्कलच्या आसपास असलेला हवेचा दाब इथे 940 च्या आसपास येतो. म्हणजे सुमारे सात टक्के घट. पावसाळ्यात तो आणखी थोडा उतरतो. पर्यटकाला, चिक्कीवाल्याला, लोहगड चढणाऱ्या पोरांना या सात टक्क्यांनी काही फरक पडत नाही. माझ्या धंद्यात मात्र पडतो.

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. कॅन्सरच्या पेशंटला किरणोपचार देतात तेव्हा कुठे आणि किती डोस द्यायचा ते डॉक्टर ठरवतात. तो तेवढाच आणि तिथेच पडतो ना, हे बघणं माझं काम. मावळातले पेशंट किरणोपचारांना ‘शेक’ म्हणतात, कुणी ‘लाईट’ म्हणतात. ‘आज शेक झाला का?’ असं बाकावर बसून एकमेकांना विचारतात. मी कोण, हे त्यांना फारसं माहीत नसतं. डॉक्टरीणबाई नाही आणि सिस्टरही नाही, पण सारखी कॉम्प्युटरपुढे बसलेली असते ती मॅडम, एवढीच माझी ओळख.

आधी डोस म्हणजे काय ते सांगते. एक किलो वस्तुमानात एक ज्यूल ऊर्जा जिरली की एक ग्रे डोस झाला. ऐकायला ही रक्कम क्षुल्लक वाटते आणि उष्णता म्हणून बघितली तर ती क्षुल्लकच आहे. एका ग्रेने पाण्याचं तापमान 0.00024 अंश सेल्सियसने वाढतं. सत्तर किलोच्या माणसाच्या सर्वांगावर एकदम चार ग्रे डोस पडला आणि उपचार मिळाले नाहीत तर त्याच्या जिवाची शाश्वती राहत नाही. त्यात जिरलेली एकूण ऊर्जा मात्र 280 ज्यूल, म्हणजे तेवढ्यात कटिंग चहासुद्धा जेमतेम एका अंशाने तापेल. ऊर्जा थोडी असते, पण ती इलेक्ट्रॉनांच्या वाटेवर मोजक्या जागी पडते आणि पेशीतला डीएनए तोडते. म्हणून किती ऊर्जा पडली याइतकंच ती कुठे पडली हे महत्त्वाचं. शरीराच्या आत जाऊन मोजता येत नाही. तिथे संगणकातलं अनुकरण, म्हणजे सिम्युलेशन, कामाला येतं.

आमच्या क्षेत्रात त्याचं नाव मॉंटे कार्लो. 1946 मध्ये स्टॅनिस्लॉ उलाम हा गणितज्ञ मेंदूच्या आजारातून बरा होत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडून बसे. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढणं जमेना. तेव्हा त्याला सुचलं की शंभर डाव खेळून त्यातले किती सुटले ते मोजावं. लॉस अलामॉसच्या अणुबॉम्बच्या प्रयोगशाळेत त्यावेळी न्यूट्रॉन कुठे जातात हाच प्रश्न चालू होता. जॉन फॉन नॉयमन याने ती कल्पना संगणकासाठी मांडली. निकोलस मेट्रोपोलिसने तिला मोनॅकोतल्या जुगारी वस्तीचं नाव दिलं, कारण उलामचा एक काका तिथे जायला नातेवाइकांकडून पैसे उसने घेई. बॉम्बच्या कारखान्यात जन्मलेली ही पद्धत आज गालाच्या कॅन्सरवर वापरली जाते. याचा आनंद मानावा की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आमच्याकडे इंटर्नशिपला मुलं येतात तेव्हा त्यांना मी आधी संगणकाला हात लावू देत नाही. कागद, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर घ्यायला लावते आणि एक फोटॉन, म्हणजे किरणांतला एक कण, हाताने चालवून दाखवायला सांगते. रुग्णालयातल्या लिनॅकचा, म्हणजे किरण देणाऱ्या यंत्राचा, 6 एमव्हीचा झोत घेतला तर त्यातल्या फोटॉनची सरासरी ऊर्जा सुमारे 2 एमईव्ही. एवढ्या ऊर्जेचा फोटॉन पाण्यात सरासरी 20 सेंटिमीटर जातो आणि मग कुठल्या तरी इलेक्ट्रॉनला धडकतो. पण हे झालं सरासरीचं. हा आपला फोटॉन किती जाईल? त्यासाठी शून्य ते एकमधला कुठलाही एक आकडा काढायचा, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा, वीसने गुणायचा आणि उणे चिन्ह काढून टाकायचं. आकडा 0.5 आला तर फोटॉन 13.9 सेंटिमीटरवर धडकला. 0.9 आला तर 2.1 वरच. 0.1 आला तर 46 सेंटिमीटर, म्हणजे काहीही न करता माणसाच्या आरपार जाऊन मागच्या भिंतीत. वीस सेंटिमीटर जाडीच्या पोटातून शंभरातले सदतीस फोटॉन असे आरपार जातात, हे मुलांना आधी खरंच वाटत नाही.

धडक झाली की पुढचा फासा. फोटॉन किती अंशात वळला? क्लाइन आणि निशिना यांनी 1929 मध्ये त्याचं सूत्र दिलं आहे, त्याप्रमाणे कोन निवडायचा. समजा नव्वद अंश आला. मग कॉम्प्टनच्या समीकरणाने उरलेला फोटॉन 0.41 एमईव्हीचा, आणि बाकीचे 1.59 एमईव्ही घेऊन इलेक्ट्रॉन सुटला. हा इलेक्ट्रॉन पाण्यात सुमारे पाऊण सेंटिमीटर वेडावाकडा पळतो आणि वाटेत आपली ऊर्जा सांडत जातो. डोस पडतो तो इथे, धडकेच्या बिंदूवर नाही. मग तो वळलेला फोटॉन पुन्हा उचलायचा, पुन्हा फासा, पुन्हा धडक. एक फोटॉन संपवायला मुलांना तास लागतो. त्यातही इलेक्ट्रॉनचा हिशेब आम्ही ढोबळ धरलेला असतो, कारण तो थांबेपर्यंत असंख्य लहान-लहान धडका घेतो. मार्टिन बर्गरने 1963 मध्ये त्या धडकांचे गठ्ठे बांधून एकेका पावलात हिशेब करायची युक्ती काढली, म्हणून संगणकालाही ते जमतं. एक फोटॉन झाला की मी सांगते, ‘आता असे दहा कोटी करायचे आहेत.’ मग त्यांना संगणक देते.

माझ्या शिक्षणाच्या काळात हे दहा कोटी म्हणजे दिव्य होतं. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचा ईजीएसएनआरसी हा प्रोग्रॅम फुकट मिळायचा, आजही मिळतो. सर्नचा जिआंट4सुद्धा तसाच. फुकट मिळत नसे ती वीज. डेस्कटॉपवर गणित लावायचं, रात्रभर चालू द्यायचं, सकाळी बघायचं. पुणे पट्ट्यात गुरुवारी लाईट जाणार हे पक्कं, त्यामुळे बुधवारी रात्री कुणी मोठं गणित लावत नसे. पावसाळ्यात तर कुठलाही वार गुरुवार असे. म्हणून मोठं गणित तुकड्यांत लावायचं, प्रत्येक तुकड्याला रँडम आकड्यांची सुरुवात वेगळी द्यायची आणि शेवटी बेरीज करायची. सुरुवात वेगळी द्यायला विसरलं तर तेच ते फोटॉन पुन्हा पुन्हा चालतात आणि बेरीज मात्र छान दिसते. आता ग्राफिक्स कार्डावर काही मिनिटांत पेशंटचं पूर्ण गणित होतं. हा बदल चांगलाच आहे, त्यात माझं काही रडगाणं नाही. एक तोटा मात्र झाला. रात्रभर थांबणारा माणूस गणित लावण्याआधी चार वेळा तपासायचा.

मॉंटे कार्लोने काढलेलं चित्र पहिल्यांदा बघणाऱ्याला ते खराब वाटतं. समान डोसच्या रेषा थरथरत्या, कडा दाणेदार. फासे टाकून काढलेलं उत्तर आहे, त्यात गोंगाट असणारच. तो कमी करायला जास्त फोटॉन सोडायचे. पण नियम चेंगट आहे. गोंगाट निम्मा करायचा तर फोटॉन चौपट लागतात. दोन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर यायचं तर सोळापट. डॉक्टरांना गुळगुळीत रेषांची सवय असते. ‘हे असं दाणेदार का आलंय?’ असं विचारतात. मग सॉफ्टवेअरमधलं एक बटण दाबून रेषा मऊ करता येतात आणि सगळ्यांचं समाधान होतं.

माझं मत उलटं आहे. मला तो दाणेदारपणा आवडतो, कारण तो आपली अनिश्चितता उघड्यावर मांडतो. दीड टक्क्याचा गोंगाट असेल तर तो लिहून येतो, ‘दीड टक्का’ म्हणून. दहा कोटींच्या जागी शंभर कोटी फोटॉन सोडले तर तो कमीही होतो. ज्या चुका कितीही फोटॉन सोडले तरी हलत नाहीत, त्यांची मला भीती वाटते. त्या चित्रात दिसत नाहीत. त्यांच्या रेषा गुळगुळीत असतात.

पुन्हा लोणावळ्याच्या हवेकडे येऊ. लिनॅक किती डोस देतो हे मोजायला आम्ही आयन चेंबर वापरतो. बोटाच्या पेराएवढी पोकळी, तिच्यात साधी हवा. किरण गेले की हवेत आयन तयार होतात, ते इलेक्ट्रोमीटर मोजतो. ही पोकळी बाहेरच्या हवेला उघडी असते. हवा पातळ असली की रेणू कमी, आयन कमी, वाचन कमी. ट्रॉम्ब्याला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेतून चेंबर तपासून येतं तेव्हा त्याचा आकडा 20 अंश आणि 1013.25 हेक्टोपास्कल या हवेसाठी दिलेला असतो. आपल्याकडच्या तापमानाने आणि दाबाने त्याला गुणावं लागतं. 22 अंश आणि 940 हेक्टोपास्कल धरले तर तो गुणक 1.085 येतो. मुंबईत त्याच तापमानाला तो 1.01 च्या आसपास असतो. एका घाटाचा फरक आहे हा.

आता सापळा बघा. मोबाईलवर हवामान उघडलं तर लोणावळ्याचा दाब 1008 दाखवतो. हवामानखात्याची ती रीतच आहे. नकाशावर सगळीकडचे दाब तुलनेला यावेत म्हणून ते समुद्रसपाटीला आणून सांगतात. हवामानासाठी ते बरोबर, आमच्यासाठी घातक. कुणी 1008 धरून गणित केलं तर त्याला वाटेल, यंत्र सात टक्के कमी डोस देतंय. मग तो यंत्राचा डोस वाढवेल आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला सात टक्के जास्त. किरणोपचारात पाच टक्क्यांचा फरकसुद्धा बराच धरतात. जगातल्या उंचावरच्या गावांत ही चूक माहितीची आहे, म्हणून आमच्या टेबलावर स्वतःचा बॅरोमीटर असतो आणि इंटर्नला पहिल्या दिवशी सांगितलं जातं की मोबाईल खिशात ठेव.

या सात टक्क्यांचं मॉंटे कार्लोला काही कळत नाही. संगणकातले दहा कोटी फोटॉन सांगतात, यंत्रातून सुटलेल्या एकेका कणामागे शरीराच्या कुठल्या बिंदूला किती डोस. ते प्रमाण झालं. यंत्रातून एका युनिटमागे नेमका किती डोस निघतो, तो आकडा आम्ही पाण्याच्या टाकीत मोजून संगणकाला देतो. तो चुकला तर सगळं गणित तंतोतंत, सुबक आणि सात टक्क्यांनी खोटं. इंग्लंडमध्ये एक्सेटरला 1988 मध्ये कोबाल्टचा नवा स्रोत बसवताना मोजणीत चूक झाली आणि 207 पेशंटना 25 टक्के जास्त डोस गेला. तिथे संगणकाने काही चूक केली नव्हती.

म्हणून मोजणीचा दिवस आमच्याकडे सणासारखा पाळतात. टाकी आदल्या संध्याकाळी भरून ठेवायची, कारण नळाचं पाणी आणि खोलीची हवा यांचं तापमान एक व्हायला रात्र जावी लागते. लगेच भरून मोजलं तर थर्मामीटर एक सांगतो आणि चेंबरमधली हवा दुसरंच. पावसाळ्यात कटकट आणखी वाढते. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, जुलैत ढग दारातून आत येतात. केबलच्या जोडात ओल धरली की किरण बंद असतानाही इलेक्ट्रोमीटरचा आकडा हळूहळू सरकत राहतो. आमचे जुने लोक चेंबरच्या कपाटात एक पिवळा बल्ब दिवसरात्र जळता ठेवत. आता सिलिका जेलचे डबे असतात, पण मला त्या बल्बवर अजून विश्वास वाटतो. आपण मोजलेलं बरोबर आहे ना, याची बाहेरून पडताळणीही असते. ट्रॉम्ब्याहून टपालाने लहान कॅप्सूलमध्ये पावडर येते. तिला पाण्यात दोन ग्रे डोस द्यायचा आणि परत पाठवायची. ती तापवली की मिळालेल्या डोसच्या प्रमाणात उजळते. आपण दोन ग्रे म्हणालो आणि त्यांना किती दिसले, ते पत्राने कळतं. ते पत्र येईपर्यंत कितीही अनुभव असला तरी मन थाऱ्यावर नसतं.

मावळ किरणांना तसा नवखा नाही. लोणावळ्यात कैवल्यधाम 1924 मध्ये सुरू झालं. स्वामी कुवलयानंदांनी त्याच काळात उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडतं ते क्ष-किरणांनी बघितलं आणि ‘योगमीमांसा’ त्रैमासिकात छापलं. कुणी कितीही अधिकारवाणीने सांगितलं तरी आत बघून खात्री करायची, ही त्यांची वृत्ती मला फार जवळची वाटते. पलीकडे नौदलाच्या आयएनएस शिवाजीत अणुहल्ल्यापासून बचावाचं प्रशिक्षण देणारं ‘अभेद्य’ हे केंद्र आहे. पण कॅन्सरच्या पेशंटसाठी लिनॅक घराजवळ असणं ही गोष्ट इथे अगदी अलीकडची. नाही तर आंदर मावळातल्या माणसाला पुणं किंवा मुंबईतलं परळ गाठावं लागे, आणि बरेच जण मध्येच सोडून देत. भाभा केंद्राने भाभाट्रॉन हे कोबाल्ट यंत्र आणि मुंबईच्या समीर संस्थेने ‘सिद्धार्थ’ हा लिनॅक घडवला, तो याच टंचाईवर उपाय म्हणून. त्यातला एक सिद्धार्थ सेवाग्रामला बसला.

आता पेशंटकडे वळते, कारण न हलणाऱ्या चुका सगळ्या पाण्याच्या टाकीत नसतात.

आमच्याकडे तोंडाचा कॅन्सर फार. पुरुषांत तंबाखू-चुना आणि गुटखा, बायकांत मशेरी. सकाळी तव्यावर तंबाखू भाजून, कुटून, दातांना लावायची. तिला कुणी व्यसन समजतच नाही. पवन मावळातल्या एका आजींच्या डाव्या गालाला गाठ होती. नियोजनासाठी सीटी स्कॅन केला तर त्याच बाजूच्या दाढेपाशी पांढरा स्फोट झाल्यासारखं चित्र. ‘आजी, दाढेत काही भरलंय का?’ ‘भरलीय की चांदी. लई वर्सं झाली.’

संगणकाला शरीराची ओळख सीटीतून होते. प्रत्येक ठिपक्याला हाउन्सफिल्ड आकडा असतो: हवा उणे हजार, पाणी शून्य, हाड काहीशे ते हजाराच्या वर. त्या आकड्यावरून घनता ठरते आणि फोटॉन किती लांब जाईल तेही. पण बहुतेक सीटी यंत्रांत हा आकडा 3071 ला संपतो. त्यापुढे सगळं 3071. टायटॅनियमची घनता 4.5, सोन्याची 19.3, दाढेतल्या चांदीच्या मिश्रणाची या दोघांच्या मधली. संगणकाला तिन्ही सारखीच दिसतात. आपण त्याला सांगू ते तो मानतो. शिवाय त्या धातूच्या पांढऱ्या पट्ट्या शेजारच्या गालाच्या मांसावर पसरलेल्या असतात, त्यामुळे तिथलेही आकडे खोटे.

जुन्या पद्धतीच्या गणिताला इथे काही विशेष दिसत नाही. ती झोताच्या दिशेने घनता मोजते आणि पुढे जाते. इलेक्ट्रॉन आडवे आणि मागे कसे उडतील याचा विचार तिच्यात नसतो. छातीच्या उपचारात याचाच दुसरा नमुना दिसतो. फुप्फुसाची घनता पाण्याच्या पावपट, म्हणून पाण्यात पाऊण सेंटिमीटर जाणारा इलेक्ट्रॉन तिथे तीन सेंटिमीटर पळतो, आणि जुनं गणित गाठीच्या कडेला डोस पुरेसा आहे असं सांगतं तेव्हा तो पुरेसा नसतो. मॉंटे कार्लो इलेक्ट्रॉनाच्या मागे मागे जातं, म्हणून त्याला हे दिसतं. आजींच्या बाबतीत मी दाढेचा आकार हाताने आखून त्यावर योग्य घनता लिहिली, पट्ट्यांच्या जागी मांसाची घनता दिली आणि गणित लावलं. चांदीवर आपटून मागे फिरलेले इलेक्ट्रॉन गालाच्या आतल्या अस्तरात काही मिलिमीटरच्या पट्ट्यात डोस चांगलाच वाढवत होते. म्हणजे बाकी तोंड ठीक असताना नेमकी तिथे जखम होणार, खाणं बंद होणार.

उपाय संगणकाबाहेरचा निघाला. दाढ आणि गाल यांच्या मध्ये काही मिलिमीटर जाडीचा मेणाचा पातळ तुकडा. मागे उडणारे इलेक्ट्रॉन त्या मेणातच थांबतात. दंतवैद्यांनी आजींच्या दाढेवर बसेल असा तो करून दिला, मास्क घालायच्या आधी रोज टेक्निशियन लावायचा. पुन्हा गणित केलं, या वेळी मेणासकट, तेव्हा तो पट्टा उतरलेला दिसला. मॉंटे कार्लो कशासाठी हवं, असं मला कुणी विचारलं तर मी हे सांगते. ते महागडं आहे किंवा आधुनिक आहे म्हणून नाही. कुठे मेण लावायचं ते कळलं म्हणून.

आणि तरीही त्याची मर्यादा त्याच आजींनी दाखवली. तोंडाच्या उपचारात डोकं हलू नये म्हणून प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणतात. काही मिनिटांत ती कडक होते आणि त्या चेहऱ्याचा साचा तयार होतो. सीटी त्या मास्कमध्ये होतो, गणितही त्याच शरीरावर. पुढे सहा-साडेसहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रोज दोन ग्रे. चौथ्या आठवड्याला तोंड सोललेलं असतं, भाकरी जात नाही, पेजेवर माणूस जगतो, वजन उतरतं, गाल आत जातात. मास्क सैल होतो. संगणकात दहा कोटी फोटॉन अजूनही पहिल्या दिवशीच्या, भरल्या गालाच्या आजींमधून जात असतात आणि टेबलावर वेगळ्याच आजी असतात. अशा वेळी पुन्हा सीटी, पुन्हा मास्क, पुन्हा गणित करावं लागतं. आजींचं केलं. पण ते कळायला आधी कुणीतरी मास्क सैल आहे असं सांगावं लागतं. आजी सांगत नव्हत्या. मॅडमला कशाला त्रास, असं त्यांना वाटे. टेक्निशियनच्या हाताला ते जाणवलं.

दुसरा प्रश्न जुलैचा. एका दादांचे निम्मे शेक झाले होते. ते कामशेतच्या आतल्या भागातले, इंद्रायणी तांदूळ लावणारे. पाऊस धरला आणि दादा माझ्या दारात उभे. ‘मॅडम, लावणी उरकून येऊ का? आठ दिवस फक्त. माणसं मिळत नाहीत.’ मी त्यांना फोटॉन वगैरे काही सांगितलं नाही. गाठीच्या पेशी सुट्टी घेत नाहीत, एवढंच सांगितलं. डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबला तर दर दिवसामागे गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एका टक्क्याने घटते, हे बऱ्याच अभ्यासांतून पुढे आलं आहे. म्हणजे आठ दिवसांच्या लावणीत आठ टक्के. मी बॅरोमीटर घेऊन ज्या सात टक्क्यांच्या मागे लागते, त्याहून जास्त. शेवटी दादांच्या भावकीतल्या बायका लावणीला गेल्या. ते मात्र रोज पहाटे शेत बघून, सकाळी शेक घेऊन, दुपारी बांधावर. चिखलात उतरू नका, एवढं त्यांनी ऐकलं.

आमच्या परिषदांमध्ये चर्चा असते ती गणित अर्ध्या टक्क्याने अचूक करण्याची. तीही हवी. पण माझा अनुभव असा, की बॅरोमीटर, चांदीची दाढ, सैल मास्क आणि लावणी या चौघांनी जेवढा फरक पडतो तेवढा अल्गोरिदम बदलून क्वचित पडतो. चांगलं सिम्युलेशन घेतलं म्हणून या चौघांकडे बघायचं काम कमी होत नाही. उलट गणित इतकं बारीक झालं आहे, की त्याला पुरवलेला एक ढोबळ आकडासुद्धा आता उठून दिसायला हवा.

तुमच्या घरात कुणाचे किरणोपचार चालू असतील तर एवढं करा. दाढेत चांदी, सोनं, स्क्रू काहीही असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. दर सोमवारी वजन करा आणि ते वहीत लिहा. मास्क सैल वाटला, कपड्याचं माप बदललं, कवळी बसेनाशी झाली, तर टेक्निशियनला त्याच दिवशी सांगा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आणि लावणीच्या दिवसांत शेक चालू असेल तर माणसं आधीच बघून ठेवा.